एकाच ओळखीच्या दोन डिस्क

आमच्या रुग्णालयात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे तिला खात्रीबाई म्हणतात आणि तीही ओ देते. सर्व्हर, नेटवर्क, संगणक, सगळं तिच्या ताब्यात. अमुक काम झालं असं कुणी सांगितलं की तिचा पहिला प्रश्न, "खात्री केलीत?" संध्याकाळी बसथांब्यापर्यंत जाणार आणि सर्व्हरच्या खोलीचं कुलूप ओढून बघायला परत येणार. तिच्या सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "घरातून निघताना गॅस ती बंद करते, मग तीच बघते, मग माझ्या लेकाला बघायला लावते. आम्ही लग्नाला पोचतो तेव्हा लोक हात धुवत असतात."

हा स्वभाव जन्मजात नव्हे. ती इथं लागली ती एक्स-रेच्या नोंदी संगणकात भरायला. तेव्हा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ एक दिवस नोकरी सोडून गेले. जाताना तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणाले, "सगळं चालू आहे, फक्त हात लावू नका." पुढे काही फाइली हरवल्या म्हणून तिनं त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सुरक्षित प्रती उघडल्या. सगळ्या कोऱ्या. 'प्रत निघाली' असा संदेश रोज येत होता, प्रत मात्र कधी निघालीच नव्हती. तेव्हापासून तिनं कुणाच्या शब्दावर विसंबणं सोडलं. मुलगी लहान असताना संध्याकाळचे वर्ग करून ती हे काम शिकली, आणि सर्व्हर तिच्याकडे आला तो कायमचाच.

मी इथला हिशेब आणि प्रशासन पाहतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर. डिस्क म्हणजे काय हे मला गोदामाच्या भाषेत सांगितलं तरच कळतं, आणि तिनं ते तसंच समजावलं होतं. "काका, समजा आठ गोदामं आहेत. बाहेर पाटी मात्र एकच. गिऱ्हाइकाला वाटतं एकच मोठं गोदाम. त्या पाटीमागच्या जागेचे आपण सोयीनं भाग पाडतो, त्याला व्हॉल्यूम म्हणायचं. कुठल्या गोदामात काय आहे हे फक्त व्यवस्थापकाला ठाऊक." मग प्रत्येक डिस्कच्या पोटात एक ओळखक्रमांक लिहिलेला असतो, सर्व्हर डिस्कला खणावरून नाही तर त्या क्रमांकावरून ओळखतो, हेही तिनं सांगितलं होतं. तेवढं ज्ञान मला पुरेसं वाटत होतं.

त्या सकाळी माझी थोरली बहीण, आमची अक्का, तळमजल्यावर रेडिएशनच्या विभागात बाकावर बसली होती. तिच्या घशात गाठ होती. आयुष्यभर शाळेत खेळाची शिक्षिका. तिची शिट्टी नसली तरी मैदानाच्या पलीकडचं पोर थबकायचं, असा आवाज. आता तो कुजबुजीएवढा उरला होता, पण हुकूम तेच होते.

उपचार अर्ध्यावर आल्यावर तिचं वजन उतरलं, मान बारीक झाली. किरण मारताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवतात, तो सैल पडायला लागला. म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नवा साचा घेतला, नवे स्कॅन काढले आणि किरण कुठून, किती, कुठवर, याची योजना पुन्हा आखली. जुन्या योजनेनं किरण दिले असते तर ते गाठीवर नीट न पडता मज्जारज्जूच्या फार जवळ गेले असते. आणि उपचारात खंड पडणंही वाईट. गाठीला तेवढीच उसंत मिळते. दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या, कारण ते कागद सही करण्याआधी मी तीनदा वाचले होते.

"आज उशीर का रे?" अक्का कुजबुजली.

"सर्व्हर उठत नाहीये."

"मग पाणी मार त्याच्या तोंडावर."

पहाटे विजेचा पुरवठा एका वाहिनीवरून दुसरीवर घेताना सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. बाकी सगळं आलं. रुग्णांच्या योजना ज्या व्हॉल्यूममध्ये असतात, तेवढा मात्र उघडेना. मी वर गेलो तेव्हा खात्रीबाई नुकतीच पोचली होती, खांद्याची पिशवीही तिनं उतरवली नव्हती. पडद्यावर एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती. अर्थ असा, की एकाच ओळखक्रमांकाच्या दोन डिस्क हजर आहेत, सबब व्हॉल्यूम उघडता येणार नाही.

ती एकदम खाली वाकली आणि खणांकडे बघत राहिली. आठ डिस्क सर्व्हरच्या आणि नववी, सगळ्या एका रेषेत, आत घट्ट बसलेल्या.

"ही आत कुणी ढकलली?"

गोष्ट अशी होती. महिन्याच्या सुरुवातीला तिला एका डिस्कमधून टिकटिक ऐकू आली. डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत काही दोष नव्हता, पण तिचा कानावर विश्वास. नवी डिस्क मागवून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तिनं बंद पडलेल्या सोनोग्राफी यंत्रातली त्याच जातीची, त्याच मापाची डिस्क काढली, टिकटिक करणारीची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवली आणि ती कामाला लावली. जशीच्या तशी म्हणजे पोटातल्या ओळखक्रमांकासकट. जुनी तिनं पुसली नाही. महिनाभर तरी असू दे, वेळ सांगून येत नाही. आमच्याकडे नियम असा, की बाद वस्तू समितीनं बघितल्याशिवाय खोलीबाहेर न्यायची नाही, आणि खोलीतलं कपाट बाद वस्तूंनीच भरलेलं. म्हणून तिनं ती जुनी डिस्क रिकाम्या खणात दोन बोटं बाहेर ठेवली. आतल्या जोडणीला लागत नव्हती. बाहेर आलेली डिस्क हीच खूण.

गेल्या आठवड्यात वार्षिक साठा तपासायला बाहेरचा माणूस आला. व्यवस्थित माणूस. त्याला फक्त नग मोजायचे होते, आणि मोजताना एक नग वेडावाकडा दिसला म्हणून त्यानं तो अंगठ्यानं आत सारला. चालू सर्व्हरनं त्याची दखल घेतली नाही. सकाळी नव्यानं सुरू होताना मात्र दारात दोघी उभ्या. एकाच खात्याची पासबुकं घेऊन दोन माणसं बँकेत यावीत तसं झालं.

"मग बाहेरची काढा ना," मी म्हणालो. "कुठल्या खणात होती ते तर माहीत असेल."

तेवढ्यात यंत्रांची देखभाल करणारे मिस्त्री दारात आले. "बाई, तुम्ही यायच्या आधी मी सगळ्या डिस्क काढल्या, फुंकर मारली आणि परत घातल्या. रेडिओ असाच सुरू व्हायचा आमचा."

"कुठल्या क्रमानं घातल्यात?"

"क्रमानं म्हणजे... ज्या खणात बसल्या त्या खणात."

खात्रीबाईनं डोळे मिटले. तिला राग आलेला मी पाहिला आहे. तेव्हा ती बोलते. आता ती निमूट डिस्कवरचे छापील क्रमांक वाचू लागली.

डिस्कवर छापलेला कारखान्याचा क्रमांक दोघींचा वेगळा होता. कुठला क्रमांक नव्या डिस्कचा, हे तिनं अर्थातच टिपून ठेवलं होतं. "कुठे?" मी विचारलं. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. जो व्हॉल्यूम उघडत नव्हता, त्याच्याच आत.

"कपाटाची किल्ली कपाटात," मिस्त्री हळूच म्हणाले.

"मिस्त्री, तुम्ही चहा घेऊन या," मी म्हणालो.

मी माझ्या कार्यालयात जाऊन सर्व्हरचं खरेदीचं बिल शोधलं. त्यात लिहिलं होतं, 'डिस्क, आठ नग.' क्रमांक एकही नाही. इतकी वर्षं अशी बिलं मी मंजूर करत आलो आणि एकाही वेळी काही खटकलं नाही. डिस्क किती तास चालली हेही तिच्या पोटात नोंदलेलं असतं म्हणे. पण दोन्ही वर्षानुवर्षं अखंड चाललेल्या, आकडे जवळजवळ सारखे. "यावरून मी पैज लावणार नाही," खात्रीबाई म्हणाली.

मोठे डॉक्टर वर आले. विभाग त्यांचा, खाली बाकं भरलेली. "दोघींपैकी एक काढ आणि सुरू करून बघ. चालली तर चालली."

"सर, दोन्ही चालतील. तीच तर भीती आहे."

ती पुढे म्हणाली, "योजनांचा सगळा व्हॉल्यूम या एकाच डिस्कवर बसतो. जुनी डिस्क घातली तर महिन्याच्या सुरुवातीला जे होतं ते स्वच्छ उघडेल. एकही चूक दाखवणार नाही. खालचं यंत्र जुन्या योजना निमूट उचलेल. अक्कांची तीन दिवसांपूर्वी बदललीय."

बंद पडलेल्या सर्व्हरचं मला भय वाटत होतं. सुरू होणाऱ्या सर्व्हरचं वाटू लागलं ते त्या क्षणी.

"बाहेर ठेवतो ती प्रत?" डॉक्टरांनी विचारलं.

"दर रविवारची, फक्त रुग्णांच्या योजनांची. या आठवड्यातलं त्यात नाही."

किरणांचं गणित करणारा आमचा तरुण फिजिसिस्ट, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, तोही येऊन उभा राहिला. तिनं दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, एका टेबलावर वेगळ्या जोडणीला एकेक लावून फिरवली, आणि पेचकसाचं टोक डिस्कवर व मूठ कानाला लावून ऐकलं. पहिली शांत. दुसरीला तिनं कान लावला आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "ऐका."

मीही ऐकलं. नखानं लाकडावर टिचकी मारावी तसा आवाज, थांबून थांबून.

"ही जुनी. हिच्यासाठीच मी बदलली होती."

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाले. "शांतवाली घाला."

"घालते. पण नेटवर्कची तार काढून."

तिनं खालच्या यंत्राकडे जाणारी तार उपसली. शांत डिस्क खणात बसवली. तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही असा बंदोबस्त केला, मग व्हॉल्यूम उघडला. पडद्यावर फाइलींची रांग भराभरा खाली सरकत गेली. मिस्त्रींनी टाळी वाजवली. डॉक्टर निघालेसुद्धा, "खाली सांगतो सुरू करतोय म्हणून."

"सर, थांबा. मास्तर, अक्कांची फाइल काढा."

मास्तरनं काढली. योजना एकच होती. तारीख त्यानं वाचून दाखवली; उपचार सुरू झाले तेव्हाची.

तिनं आणखी दोन रुग्णांच्या फाइली उघडायला लावल्या. या महिन्यातलं काहीच नव्हतं. शांत डिस्क जुनी होती.

"मग टिकटिक करतेय ती..." मी म्हणालो.

"ती खरी. या महिन्याचं सगळं तिच्यावर आहे." तिचा आवाज बदलला. "आणि ती मरायला टेकलीय."

पहिली टिकटिक डिस्कची नव्हतीच. पंख्याच्या पात्याला एक तार घासत होती, ती नंतर सापडली. म्हणजे फार काळजी घेण्याच्या नादात तिनं धडधाकट डिस्क काढून आजारी बसवली होती. हे आम्हाला कळायला वेळ लागला. तिला त्याच क्षणी कळलं. ती खुर्चीवर बसली, हात मांडीखाली दाबून. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "काका, एक कोरी डिस्क हवी. दुकानातून. सीलबंद. आत्ता."

तीन दरपत्रकांशिवाय माझ्या कारकिर्दीत मी झाडूही घेतला नाही. मी मिस्त्रींना रिक्षानं पिटाळलं.

डॉक्टर खाली गेले. पुढचं मला अक्कानं सांगितलं. ते बाकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज यंत्र चालणार नाही. माहिती चुकीची असण्याची शक्यता आहे आणि मी अंदाजानं कुणावरही किरण सोडणार नाही. राग माझ्यावर काढा." दोघातिघांनी काढलाही.

मिस्त्री डिस्क घेऊन आले. खात्रीबाईनं टिकटिक करणारी आणि कोरी अशा दोन्ही टेबलावर जोडल्या. प्रत सुरू करण्याआधी मी तिच्या जवळ गेलो आणि जे बोलायला नको ते बोललो. "अक्काचं तेवढं आधी काढता येईल का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "येईल. पण नाव शोधत आतली वाचणारी सुई इकडेतिकडे धावायला लागली, तर डिस्क वाटेतच जीव सोडेल. मग अक्काही नाहीत आणि बाकीचेही नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच, सरळ. जिथं अडेल ती जागा सोडून पुढे. डिस्कला नाती कळत नाहीत हो, काका."

"मला कळतात ना."

"म्हणून तर तुम्ही तिकडे बसा."

मी तिकडे बसलो. प्रत सुरू झाली. पडद्यावरचा आकडा चढू लागला. वाचून झालेला भाग, राहिलेला भाग, न वाचता आलेला भाग. तिसरा शून्य होता. टिकटिक चालूच होती. तिनं एक छोटा पंखा आणून डिस्कवर वारा घालायला लावला. तिच्या मोबाइलवर मुलीचा फोन आला, तिनं न बघता बंद केला. मास्तर भिंतीला टेकून उभा. दुपार झाली तरी कुणी जेवायचं नाव काढलं नाही.

निम्म्याच्या पुढे गेल्यावर टिकटिक जलद झाली आणि आकडा थांबला.

मी, मास्तर आणि मिस्त्री पुढे सरकलो. ती मात्र हलली नाही. "तार काढू का? थोडी विश्रांती देऊ?" मास्तरनं विचारलं.

"नाही. बंद केली तर परत फिरेल याची खात्री नाही."

आकडा तसाच. डिस्क कण्हल्यासारखा आवाज करायची, थांबायची, पुन्हा करायची. मी ओळखत असलेल्या सगळ्या देवांना एकेक करून आठवलं, आणि नंतर न ओळखणाऱ्यांनाही. मग तिसरा आकडा शून्यावरून हलला, आणि पहिला पुन्हा चढू लागला. अडलेली जागा सोडून डिस्क पुढे गेली होती. शेवटपर्यंत पोचली तेव्हा खिडकीबाहेर शाळा सुटलेली मुलं आरडाओरडा करत चालली होती. तिनं त्या डिस्कची वीज काढली. मास्तरनं नंतर, केवळ बघायचं म्हणून, ती पुन्हा लावली. ती फिरली नाही.

न वाचता आलेली जागा फार थोडी होती. कुठल्या फाइलींवर ती पडली, हे काढायला तिला आणखी वेळ लागला. दोन जुन्या रुग्णांचे उपचार संपलेले होते. त्यांचं काही बिघडत नव्हतं. तिसरी फाइल अक्काची होती. नवी योजना होती, पूर्ण होती, पण ज्या स्कॅनवर ती आखली त्यातल्या मधल्या काही प्रतिमा नव्हत्या.

"योजना आहे ना?" मी मास्तरला म्हणालो. "मग द्या."

"कशावर पडताळू? मानेचा नेमका मधला भागच नाहीये. मी सही करणार नाही."

मी खात्रीबाईकडे पाहिलं, ती तरी म्हणेल चालेल म्हणून. ती म्हणाली, "मास्तर बरोबर आहेत." मग पदर खोचला आणि माझ्या आधी जिना उतरली.

अक्का अजून बाकावर होती. घरी जा म्हटलं तर गेली नव्हती. बाकीचे पेशंट घरी गेले तरी मी जाणार नाही, निकाल लागल्याशिवाय मैदान सोडत नसतात, असं तिचं म्हणणं. खात्रीबाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"अक्का, तुमचे स्कॅन गेले. पुन्हा काढायला लागतील, योजना पुन्हा आखायला लागेल. तीनचार दिवस उपचार थांबतील. चूक माझी आहे. चांगली डिस्क काढून मी खराब लावली, आणि जुनी तिथंच ठेवली."

"साठा तपासणाऱ्यानं ती..." मी मध्ये बोलायला गेलो.

"तू गप रे," अक्का कुजबुजली. मग तिच्याकडे वळून, "सकाळी यंत्र सुरू झालं असतं तर?"

"जुनी योजना गेली असती तुम्हाला."

"आणि ती थांबवली कुणी?"

मी गप राहूनच खात्रीबाईकडे बोट दाखवलं.

"म्हणजे तू मला वाचवलंस की अडकवलंस?"

"दोन्ही."

अक्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांकडे ती अशी बघायची, आणि खरं बोलणाऱ्यांकडे त्याहून जास्त वेळ. "तीनचार दिवसांत गाठ वाढेल?"

"ते मोठे डॉक्टर सांगतील. मला ठाऊक नाही."

"बरं. निदान ठाऊक नाही म्हणतेस. उठ, गुडघे धरतील."

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की खंड चांगला नाही, पण भरून काढता येईल; शेवटी काही दिवस वाढवावे लागतील. दुसऱ्या सकाळी अक्काचे स्कॅन पुन्हा काढले. मास्तर त्या योजनेवरून उठलाच नाही. दरम्यान खात्रीबाईनं नव्या डिस्क बसवल्या, बाहेरची प्रत रोज निघू लागली, आणि मी नियमाला एक ओळ जोडली, की बाद डिस्क समितीची वाट न बघता त्याच दिवशी खोलीबाहेर जाईल. संचालकांनी तिला कारणं विचारली. तिनं जसं घडलं तसं सांगितलं, पंख्याच्या तारेसकट. तिची नोकरी राहिली. वेतनवाढ मात्र त्या वर्षी अडली, आणि ती त्यावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

अक्काचा उपचार पुन्हा सुरू झाला त्या दिवशी खात्रीबाई खाली आली. तिचं तिथं काही काम नव्हतं. मास्तरनं यंत्राच्या पडद्यावर योजना आणली, तारीख मोठ्यानं वाचली, मोठ्या डॉक्टरांनी वाचली, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञानं वाचली. अक्का साच्याखाली जाण्याआधी हात हलवून आत गेली. जाड दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला.

आम्ही दोघं बाकावर बसलो. दिवा विझला, दार सरकलं. अक्का भिंतीला धरून बाहेर आली. गालांवर जाळीचे ठसे उठले होते.

"चपला कुठं ठेवल्यास रे माझ्या?" ती म्हणाली. "आणि हिला सांग, आता जा म्हणावं कामाला."